राखेखालचं ऑइल

माझी आठवण चांगली आहे, हे मी म्हणत नाही, मांजर्लीतले लोक म्हणतात. दोन हजार पाचच्या पुरात पाणी कोणाच्या कितव्या पायरीला लागलं, कोणाची मुलगी कोणत्या चैत्रात कुठे दिली, बांधावरची चिंच कोणी लावली, हे विचारायला माणसं माझ्या ओट्यावर येत. माझे धाकटे दीर दौलतराव यांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा बांधाचा तंटा नऊ वर्षं चालला होता. तो माझ्या एका वाक्यावर मिटला. "वेणूवैनी बोलली ना, मग झालं," असं म्हणून चुलतभाऊ कुदळ खांद्यावर टाकून घरी गेला.

तेव्हा दिनानाथचं काय झालं ते मी सांगते. त्यात चूक निघायची नाही.

दिनानाथ आमचा ड्रायव्हर. तो आला तेव्हा आमच्याकडे तीनचाकी टेम्पो होता. माझे यजमान हरिचंद्र अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत पाळी करायचे आणि उरलेल्या वेळात पेंढा, विटा, लग्नाचे मांडव, मिळेल ते वाहायचे. टेम्पोनंतर मेटॅडोर आली, आणि दोन हजार अकरा साली पिकअप. पिकअपमध्ये निम्मा हिस्सा आमचा, निम्मा दौलतरावांचा. गाडी बदलत गेली, पण चालवणारा तोच. आमच्या घरामागे भात ठेवायची एक खोली होती. ती यांनी त्याला आणि त्याच्या बायकोला, सुंदराबाईला, राहायला दिली. गाडी आहे तोवर खोली, असं ठरलं होतं. कागद वगैरे काही नव्हता.

रोज सकाळी मी अंगणात बंबाला जाळ घालत असे, तेव्हा दिनानाथ बॉनेट उघडायचा. इंजिनातली ऑइल बघायची पट्टी बाहेर काढायचा, फडक्याला पुसायचा, पुन्हा आत बुडवायचा, वर काढून उजेडाकडे धरायचा. मग ती पट्टी दोन्ही हातांवर आडवी ठेवून ओट्याशी आणायचा, जशी काही प्रसादाची थाळी. हे चहा पीत बसलेले असत. खुणेवर नजर टाकत आणि मान हलवत. मगच गाडी हलायची.

ऑइल एकच. पंधरा-चाळीस जाडीचं, साधं, मिनरल. दर पाच हजार किलोमीटरला बदलायचं. जुनं काळं ऑइल डब्यात धरून ठेवायचं. ते दारांच्या बिजागऱ्यांना आणि वाळवी लागू नये म्हणून खांबांना. पिकअपच्या डॅशबोर्डवर ऑइल कमी झालं की पेटणारा एक लाल दिवा होता. तो दुसऱ्याच वर्षी बंद पडला. दिनानाथने विचारलं, "दादा, दिवा दुरुस्त करून आणू?" हे म्हणाले, "रोज पट्टी बघणाऱ्याला दिवा कशाला?" तो दिवा नंतर कधी लागलाच नाही.

मला या दोघांच्या सकाळचा हेवा वाटायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. मी पन्नास पावलांवर धुरात डोळे चोळत असायची. माझ्याकडे बघून यांनी कधी मान हलवल्याचं मला आठवत नाही. आणि मला आठवतं सगळं.

यांचं शेवटचं दुखणं नऊ दिवसांचं. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. नऊही दिवस मी खाटेशी होते. नवव्या दिवशी सकाळी यांनी डोळे उघडले आणि माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बेचाळीस वर्षांच्या संसाराचं एखादं वाक्य. यांनी माझं मधलं बोट धरलं, चादरीच्या टोकाने खालपासून वरपर्यंत पुसलं, डोळ्यांजवळ नेलं, नीट बघितलं आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "दिना, ऑइल कमी दिसतंय रे."

दिनानाथ दारात उभा होता. तो म्हणाला, "टाकतो, दादा." हे मान हलवून निजले ते उठलेच नाहीत.

हे तिथेच राहिलं असतं तर मी गिळलं असतं. पण दिनानाथने बाराव्याला अंगणात वीस माणसांसमोर ते सांगितलं. रडत रडत, प्रेमानेच सांगितलं. "दादा शेवटपर्यंत गाडीत होते. वैनीचं बोट पुसून ऑइल बघितलं!" आधी लोकांनी डोळे टिपले. मग कोणीतरी फसकन हसलं, आणि मग सगळेच हसले. त्यानंतर दर वर्षी, दर श्राद्धाला, पान वाढून झालं की कोणीतरी म्हणणारच, "दिना, ती बोटाची गोष्ट सांग रे." तो सांगायचा. अकरा वर्षं सांगत राहिला. दौलतरावांच्या नातवंडांनी तर खेळच केला होता. एकमेकांची बोटं पुसून म्हणायची, "कमी दिसतंय रे!"

मी दर वेळी वाढत राहायची.

माझा मुलगा धर्मेश पिकअप बघायला लागला तेव्हा धंदा बदलला होता. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाटं, पलंग, सोफे उचलायचे आणि शिरगावच्या नव्या इमारतींत पोचवायचे. लहानपणी धर्मेश दिनानाथच्या मांडीवर बसून स्टेअरिंग फिरवायचा. दिनाकाका म्हणायचा. लग्न झालं, सूनबाई प्राची आली, अंगणातली माती जाऊन लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक आले, आणि दिनाकाकाचा दिना झाला.

दिवाळी होऊन चार दिवस झाले असतील. माझे डोळे तपासायचे होते म्हणून मीही पिकअपमधून उल्हासनगरला गेले. दिनानाथ चालवत होता, मधे मी, खिडकीशी धर्मेश. वाटेत ऑइलच्या दुकानाशी गाडी थांबवली. पाच हजार किलोमीटर झाले होते. दुकानदार टेकचंद, म्हातारा सिंधी माणूस, यांच्या वेळेपासूनचा. गाडी बघूनच त्याने पंधरा-चाळीसचा डबा काउंटरवर ठेवला.

"वो नहीं," धर्मेश म्हणाला. "सिंथेटिक दो. पाच-तीस."

टेकचंदने चष्म्यावरून बघितलं. "किसके लिए? नई गाडी ली क्या, साईं?"

"हीच."

"किती चालली ही?"

"दोन लाख ऐंशी हजार," दिनानाथ आतूनच म्हणाला.

"तर मग राहू दे. सिंथेटिक अच्छा है, मैं ना नहीं बोलता. नई गाडी लाव, मैं खुद डालूँगा. पण ही गाडी तेरा साल साध्या तेलावर जगली. आतमध्ये जो मळ बसला आहे ना, त्यानेच इंजिनाच्या सांध्यांचे सील धरून ठेवले आहेत. हे तेल पतलं. मळ धुऊन काढेल आणि बाहेर वाट शोधेल. म्हातारीला रोज भाकरी दिली, आता एकदम शादी का खाना देगा तर काय होणार?"

धर्मेश हसला. "हळू बोल, म्हातारी गाडीतच बसलीय."

सगळे हसले. दिनानाथही हसला. मी त्याच्या शेजारीच होते, त्याचं पोट हललेलं मला कळलं.

मग तो खाली उतरला. "धर्मेश, शेट बरोबर बोलतात. दादांनी कधी..."

"दादांनी कधी, दादांनी कधी! दादा अकरा वर्षांपूर्वी गेले, दिना. माझा मित्र उन्मेष अंबरनाथला कंपनीत इंजिनीअर आहे, तो स्वतःच्या गाडीत हेच टाकतो. दहा हजार किलोमीटर बघायची गरज नाय. तुझं काय जातंय? रोज सकाळी अर्धा तास पट्टी पट्टी खेळायला मिळणार नाय म्हणून दुखतंय का?"

"गळलं तर इंजिन जाईल रे. माझं ऐक एवढं."

"ड्रायव्हर आहेस ना? ड्राइव्ह कर. जास्त शानपट्टी नको."

टेकचंदने निमूटपणे डबा बदलला. ऑइल तिथेच बदललं. जुनं ऑइल डांबरासारखं निघालं. दिनानाथने ते धरून ठेवायला डबा पुढे केला, तर धर्मेश म्हणाला, "फेक ते. भंगार गोळा करायची सवय सोड." त्यानंतर त्याने जे केलं ते मी खिडकीतून वाकून बघितलं. फर्निचर बांधायच्या खाकी चिकटपट्टीचा तुकडा घेऊन त्याने ऑइलच्या झाकणावर आणि बघायच्या पट्टीच्या मुठीवर आडवा चिकटवला आणि त्यावर पेनाने सही केली.

"आता बॉनेटला हात लावायचा नाय. ही चिकटपट्टी फाटली तर मी समजेन, तू आतलं महागाचं ऑइल काढून विकतोस."

दिनानाथचं तोंड बघवत नव्हतं. मी बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यासारखा दिसला.

परतताना अंबरनाथ गेल्यावर दिनानाथ एवढंच म्हणाला, "वैनी, तुम्ही ऐकलंत ना सगळं."

"ऐकलं," मी म्हटलं.

दहा-बारा दिवसांनी मला पेव्हर ब्लॉकवर पहिला डाग दिसला. रुपयाएवढा. पिकअप रात्री जिथे उभी राहते त्याच जागी. प्राचीला ब्लॉकवर डाग चालत नाही. आधल्या आठवड्यात हळदीचा हात पुसला म्हणून मला बोलली होती. मी बंबातली राख आणून डागावर टाकली, पायाने घोळवली, झाडून काढली. ब्लॉक स्वच्छ झाला. ऑइल सांडलं की राख टाकायची, ही आमच्या घरची जुनी रीत; यांनीच शिकवली होती. त्या दिवशी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डाग बशीएवढा होता. मी झाडत होते तेव्हा खोलीच्या दारात धर्मेश आणि दिनानाथचं बोलणं चालू झालं.

"गळतंय, धर्मेश. काल शिरगावला गाडी उभी होती, तिथे खाली थेंब होते. एकदा पट्टी बघू दे. तूच काढ, मी हात लावत नाय."

"चल, दाखव कुठे गळतंय."

दोघं अंगणात आले. मी झाडू घेऊन बाजूला झाले. धर्मेश गाडीखाली वाकला. ब्लॉक कोरडे, नुकते झाडलेले.

"कुठाय? दाखव ना!"

दिनानाथ गुडघ्यांवर बसला. हाताने ब्लॉक चाचपले. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या सुपलीत राख होती, आणि राखेखाली काळं. मी सुपली पदराआड घेतली नाही. नुसती उभी राहिले. त्याला दिसायला हवं होतं, पण साठीनंतर त्याची नजर गेली होती. गाडी चालवायला दूरचं दिसायचं, जवळचं नाही. आणि माझ्या हातात राखेची सुपली सगळ्यांनी चाळीस वर्षं बघितलेली.

"एसीचं पाणी असेल कोणाचं," धर्मेश म्हणाला. "तेल नि पाण्यातला फरक कळत नाय, आणि मला शिकवतो."

"नसेल तर बरंच आहे," दिनानाथ म्हणाला आणि उठताना गाडीच्या चाकाला धरून उठला.

त्या दिवसापासून मी लवकर उठायला लागले. उजाडायच्या आधी राख पडलेली आणि ब्लॉक झाडलेले. आता ती सवय नव्हती. मला ठाऊक होतं मी काय करते आहे.

एकदा तो ओट्याशी आला. फडकं हातात होतं. पट्टी नसली तरी ते रोज घेऊन यायचा. "वैनी, तुम्ही एक शब्द टाका ना. तुमचं तो ऐकेल. इंजिनाचा आवाज बदललाय. मला झोप लागत नाय."

"गाडीतलं मला काय कळतं, दिनानाथ?"

"तुम्हाला नाय कळत?" तो हसला. "दादांनी तर शेवटी तुमच्या बोटावरच ऑइल बघितलं."

तोवर सांगून टाकायचं माझ्या मनात थोडं असेलही, पण त्या वाक्यानंतर नाही.

पौषात एका दुपारी अंबरनाथच्या पुढे पिकअप बंद पडली. मागे शिरगावच्या कोणा नव्या नवरीचं कपाट आणि पलंग होता. इंजिन जाम झालं होतं, पूर्ण. आत ऑइलचा थेंब नव्हता. चिकटपट्टी जशीच्या तशी, सहीसकट.

रविवारी दौलतराव आले. पिकअप दोराने ओढून अंगणात आणली होती. ओट्यावर दौलतराव खुर्चीत, धर्मेश उभा, प्राची दारात, मी खांबाला टेकून. दिनानाथ खाली ब्लॉकवर उभा आणि त्याच्या मागे दोन पावलांवर सुंदराबाई.

दौलतराव सरळ माणूस. म्हणाले, "गाडीत निम्मा वाटा माझा आहे, म्हणून विचारतो. इंजिन गेलं ते कोणाच्या चुकीनं? दिनाची चूक असेल तर त्याने गाडी सोडायची, खोलीही सोडायची. धर्मेश, तुझी असेल तर यापुढे धंदा मी बघणार आणि दिना माझ्याकडे राहणार. बोला."

"ऑइल बघायचं काम ड्रायव्हरचं," धर्मेश म्हणाला. "तीस वर्षं करतोय ना? या वेळी केलं नाय. म्हातारा झालाय, दिसत नाय त्याला."

"तूच चिकटपट्टी लावलीस!" दिनानाथ ओरडला. त्याला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "बॉनेटला हात लावायचा नाय बोललास!"

"मी? चिकटपट्टी झाकण सैल होतं म्हणून लावली. हात लावू नको असं मी कशाला बोलू? वेडा आहे का मी?"

"टेकचंदशेट बोलला, हे ऑइल नको. मी बोललो, नको."

"कोणी काय बोललं नाय. चांगल्यातलं ऑइल टाकलं, तर त्यात वाईट काय?"

दौलतरावांनी हात वर केला. "टेकचंद?"

"तो मुलाकडे पुण्याला गेलाय," धर्मेश म्हणाला. ते खरं होतं.

दिनानाथ एकदम शांत झाला. त्याच्या तोंडावर हायसं वाटल्यासारखं काहीतरी आलं. "वैनी होत्या गाडीत," तो म्हणाला. "माझ्या शेजारीच होत्या. वैनींना विचारा. त्या बोलतील ते मला मान्य. वैनी काय विसरत नाय."

सुंदराबाईने पदर डोक्यावर नीट घेतला आणि ती पुढे आली, जसं आता सगळं ठीकच होणार.

दौलतराव वळले. "वैनी, तुमच्या शब्दावर माझा बांध सुटला. धर्मेशने दिनाला गाडीला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं का? दिनाने आधी बजावलं होतं का?"

मला टेकचंदचा चष्मा दिसत होता. चिकटपट्टीचा खाकी रंग, निळ्या पेनाची सही, धर्मेशच्या सहीतला खाली ओढलेला र. दिनानाथचं हललेलं पोट. चादरीचं टोक, जाडंभरडं, त्यावर दवाखान्याचा शिक्का. माझ्या मधल्या बोटाच्या पेरावर यांनी किती वेळ बघितलं, तेही. धर्मेश माझ्याकडे बघत नव्हता, आपल्या चपलेकडे बघत होता.

"मला काही आठवत नाही," मी म्हटलं.

सुंदराबाई म्हणाली, "असं काय करता, बाई?" दौलतरावांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. "गेलो होतो, डोळे दाखवले. पुढचं आठवत नाही."

दौलतराव गुडघ्यांवर हात टेकून उठले. "मग झालं," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, दिनानाथ मला शिव्या देईल. मी अकरा वर्षं त्याची वाट बघत होते म्हणा ना. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की मी हे मुद्दाम केलं. तो ओट्याची पायरी चढून आला, माझ्या पायांना हात लावला आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "वैनी, वाईट वाटून घेऊ नका. वय झालं तुमचं. माणूस विसरतो. माझा राग नाय."

संध्याकाळी त्यांचं सामान एका रिक्षात मावलं.

पुढचं थोडक्यात सांगते. दिनानाथ सुंदराबाईच्या माहेरी राहायला गेला. जिथे जाईल तिथे आता तो नवी गोष्ट सांगतो. तशीच, प्रेमाने: वैनींना आता काही आठवत नाही हो, एवढी बाई, बघा काय दिवस आले. महिन्याभरात ओट्यावर येणारी माणसं कमी झाली. शेजारचे विहिरीच्या हक्काचं विचारायला आले होते. मी सांगायला लागले, तर प्राचीने हसून त्यांना चहा दिला आणि डोळ्यांनी खूण केली. मी सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, जसं लहान मुलाचं ऐकतात.

नवी पिकअप आली. नव्या गाडीत सिंथेटिक चालतं. ब्लॉकवर डाग पडत नाही.

पुढच्या मार्गशीर्षात धर्मेश म्हणाला, "आई, पुढची खोली मोकळी करूया. धंद्याचं ऑफिस करायचंय. तुला मागची खोली रंगवून देतो."

मी म्हटलं, "पुढची खोली माझी आहे. तुझ्या बापाने तुझ्या साखरपुड्याच्या दिवशी, या ओट्यावर, दौलतरावांसमोर सांगितलं होतं, वेणू असेतोवर ही खोली वेणूची. तू तिथे खांबाशी उभा होतास. पांढरा शर्ट होता तुझा, खिशाला शाईचा डाग."

धर्मेशने माझ्याकडे बघितलं. त्यालाही सगळं आठवत होतं. चिकटपट्टी, सही, टेकचंद, सगळं. आम्हा दोघांइतकं ते कोणालाच आठवत नव्हतं.

"आई," तो मऊ आवाजात म्हणाला, "तुला आठवत नाही. तूच बोललीस, काकांसमोर."

आता मी मागच्या खोलीत असते. भिंती रंगवल्या, दार तेच. ते उघडताना जराही वाजत नाही. बिजागऱ्यांना तीस वर्षं काळं ऑइल पाजलेलं आहे. दारामागे खिळ्याला दिनानाथचं फडकं लटकत होतं, घाईत राहिलेलं. रंगाऱ्याने विचारलं, "आजी, हे टाकून देऊ?" मी नको म्हटलं. ते अजून तिथेच आहे. सकाळी उठले की समोर तेच दिसतं.